डायरीत नसलेला रकाना

वाशीला जाणारी आमची गाडी ठाण्यातूनच सुटते, त्यामुळे जरा लवकर पोचलं की बसायला मिळतं. आम्ही आठ जणी रोजच्या. जी आधी पोचेल ती बाकीच्यांच्या जागा धरते. मागच्या जूनमध्ये सलग तीन आठवडे मैत्रिणीने धरलेली जागा मी दुसऱ्या कुणाला तरी दिली आणि तुर्भ्यापर्यंत दांड्याला धरून उभी राहिले. "कंबर धरलीय गं, बसलं की जास्त दुखतं," असं सांगायचे. कंबर चांगली होती. योनीच्या तोंडाशी इतकी खाज आणि आग होत होती की सीटवर टेकलं की जीव नकोसा व्हायचा. आणि बसल्यावर नकळत हात तिकडे जाईल, कुणी बघेल, ही भीती वेगळीच.

आमच्या घरात योनी हा शब्द कधी कुणी उच्चारलेला मला आठवत नाही. "खाली", "त्या जागी", "लघवीच्या जागी". फारच झालं तर "अंगावरून पांढरं जातंय". एवढ्या तोकड्या शब्दांत दुखणं सांगायचं म्हणजे समोरच्याला काय कळणार? म्हणून इथे शब्द नीट लिहिणार आहे.

माझं वय ५१. वर्तकनगरला राहते आणि तुर्भ्याच्या दाणा बंदरात एका व्यापाऱ्याच्या पेढीवर हिशेब बघते. शुगर सात वर्षांपूर्वी सोसायटीतल्या तपासणी शिबिरात निघाली, उपाशीपोटी १८६. तेव्हापासून मेटफॉर्मिन चालू आहे, पुढे ग्लिमेपिराइड आली. गेल्या वर्षी मे महिन्यात तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीए१सी, ९.४ आली. सरासरी सव्वादोनशेच्या आसपास. मुलीचं लग्न, लग्नाआधीची धावपळ, लग्नानंतरची जेवणं, सगळं त्या आकड्यात होतं. डॉक्टरांनी डापाग्लिफ्लोझिनची १० मिलिग्रॅमची गोळी सुरू केली. "लघवीवाटे साखर बाहेर जाईल, वजन थोडं उतरेल, हृदयाला आणि किडनीला चांगली आहे, पाणी भरपूर प्या," असं त्यांनी समजावलं. यातला शब्द न् शब्द खरा आहे. २०२० मध्ये या औषधाचं पेटंट संपलं आणि ते आमच्यासारख्यांच्या आवाक्यात आलं, हेही चांगलंच झालं. फक्त एक वाक्य राहून गेलं. "खाली खाज सुटली, पांढरं जायला लागलं, तर लगेच येऊन सांगा," एवढंच.

पंधराव्या दिवशी सुरू झालं.

खरं तर ही खाज मला नवी नव्हती. गेली चार-पाच वर्षं शुगर वाढली की दोन-तीन महिन्यांतून एकदा ती यायचीच. मी गल्लीच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून एक ट्यूब आणायचे. "खाजेचं क्रीम द्या" म्हटलं की तो देतो, काही विचारत नाही. लावलं की दोन दिवसांत आराम पडायचा. ट्यूब संपली की पुन्हा. त्या ट्यूबेत बुरशीचं औषध होतं, अँटिबायोटिक होतं आणि जोडीला स्टिरॉइडही होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही बारीक अक्षरं वाचली नव्हती. वर रोज सकाळी पाण्यात अँटिसेप्टिकचं झाकण ओतून आतपर्यंत धुवायचे. स्वच्छता कमी पडतेय म्हणून होतंय, असंच मनात पक्कं बसलं होतं.

हे मनात कुणी बसवलं, तेही लिहिते. माझी आई जुन्नरकडची. शेवटची दहा-बारा वर्षं तिला शुगर होती. मी माहेरी गेले की दुपारी सगळे आडवे झाल्यावर ती न्हाणीघरात जायची आणि बराच वेळ बाहेर यायची नाही. एकदा दार अर्धवट लोटलेलं होतं. लुगडं मांड्यांपर्यंत गुंडाळून आई घमेल्यात बसली होती, तुरटी घातलेल्या कोमट पाण्यात. दोन्ही हात भिंतीला टेकवलेले, डोळे मिटलेले, आणि तोंडाने हळूहळू "आई गं, आई गं" चाललेलं. मला बघून म्हणाली, "दार ओढून घे." पुढे ना मी विचारलं, ना ती बोलली. मी तेव्हा पस्तिशीची होते, दोन बाळंतपणं झालेली बाई, तरी मला विचारता आलं नाही. आई जाऊन आता नऊ वर्षं झाली. तिच्या फाइलमध्ये डोळ्यांचे कागद आहेत, किडनीचे आहेत, पायाच्या जखमेचे आहेत. घमेल्याचा कागद एकही नाही.

रात्रीचं लिहायचं तर यजमानांबद्दल लिहावं लागेल. त्यांना विचारूनच लिहितेय. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. वागळे इस्टेटमध्ये एका वर्कशॉपमध्ये आहेत, संध्याकाळी हातांना ऑइलचा वास असतो. आमच्यात बोलणं कमी, पण जवळीक चांगली होती. ती कमी कमी होत गेली तेव्हा वय झालं असं मी धरून चालले. पण जूनच्या त्या दिवसांत एका रात्री ते जवळ आले आणि मी नाही म्हटलं नाही. सोललेल्या जागेवर मीठ चोळावं तसं झालं. मी उशीचा कोपरा दातांत धरला. दुसऱ्या दिवशी लघवीला बसले तर डोळ्यांतून पाणीच आलं. त्यानंतर मी हॉलमध्ये झोपायला लागले. "आत फार उकडतं," म्हणाले. त्यांनी काही न बोलता दुसरा टेबलफॅन आणून दिला. मग बेडरूमच्या दारात थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "माझं काही चुकलं का?" मी म्हटलं, "छे हो, झोपा तुम्ही."

याच काळात शुगरच्या डॉक्टरांकडे वार्षिक तपासणी होती. डॉक्टर चांगले आहेत, घाई करत नाहीत. डोळ्यांचा पडदा तपासायला पाठवलं, लघवीतलं प्रोटीन बघितलं. मग मला पलंगावर झोपवून डोळे मिटायला सांगितले आणि पावलांना नायलॉनचा एक बारीक तंतू टेकवत गेले. "लागतंय का? आता? आता कुठे लागलं?" अंगठ्याखाली, चवड्यावर, टाचेवर. संवेदना शाबूत आहे का, हे असंच बघतात. डोळे मिटून मी "हो, हो" म्हणत होते आणि मनात येत होतं, संवेदना नेणाऱ्या शिरा काय फक्त पायात असतात? बाहेर भिंतीवर पोस्टर होतं, मधुमेह आणि पुरुषांमधली लैंगिक दुर्बलता, "लाजू नका, डॉक्टरांशी बोला". बाईसाठी तसं पोस्टर मला आजवर कुठल्याही दवाखान्यात दिसलं नाही. डॉक्टरांनी शेवटी विचारलं, "आणखी काही त्रास?" मी म्हटलं, "नाही." केबिनमध्ये कंपाउंडर होता, औषध कंपनीचा माणूस, एमआर, बॅग घेऊन दारात उभा होता. कुठून सांगणार?

शेवटी नौपाड्यातल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेले, तेही मुलीने नंबर लावून दिला म्हणून. तिला फोनवर नुसतं "लघवीला जळजळतंय" म्हटलं होतं. ती म्हणाली, "आई, किती दिवस?" मी खोटं बोलले नाही. "पाच वर्षं."

मॅडमनी आधी कपडे काढायला नाही सांगितलं, आधी बोलायला बसवलं. पहिलाच प्रश्न: "शुगर किती आहे आणि गोळ्या कोणत्या?" मी पिशवीतून सगळ्या पट्ट्या काढून टेबलावर ठेवल्या. डापाग्लिफ्लोझिनची पट्टी त्यांनी बाजूला सारली. दुसरा प्रश्न: "संबंधांच्या वेळी दुखतं का?" इतक्या साध्या आवाजात, जसं खोकला आहे का विचारावं. मला रडू फुटलं. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि थांबल्या. मग तपासलं. आतली भिंत लाल, सुजलेली, वर दह्याच्या चोथ्यासारखा पांढरा थर. कापसाच्या काडीने थोडा स्राव घेऊन काचपट्टीवर ठेवला, औषधाचा थेंब टाकला, आणि मी साडी सावरून आल्यावर म्हणाल्या, "या, बघा तुम्हीच." सूक्ष्मदर्शकात फांद्या फुटलेल्या काटक्यांसारखं काहीतरी दिसलं, मध्ये मध्ये बारीक मणी. कॅन्डिडा नावाची बुरशी. माझ्या पाच वर्षांच्या लाजेचं रूप एवढंसं होतं.

मग त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. मला समजलं तसं सांगते. कॅन्डिडा थोड्या प्रमाणात पुष्कळ निरोगी बायकांच्या योनीतही असते. तिथले चांगले जिवाणू, लॅक्टोबॅसिलस, आम्ल तयार करतात आणि बाकीच्यांना ताब्यात ठेवतात. रक्तात साखर वाढली की योनीच्या स्रावातही वाढते, आणि बुरशीला आयतं खाणं मिळतं. शिवाय साखर चढलेली असली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी नीट काम करत नाहीत. म्हणजे शत्रूला रसद आणि आपल्या शिपायांना गुंगी. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की किडनी ती पूर्ण परत ओढून घेऊ शकत नाही, लघवीत उतरते. डापाग्लिफ्लोझिन आणि त्या घराण्यातल्या एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन या गोळ्या मुद्दामच किडनीला साखर परत घेऊ देत नाहीत. दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम साखर लघवीतून जाऊ शकते. मी मनात चमचे मोजले, बारा-चौदा होतात. एवढी गोड लघवी दिवसातून आठ वेळा त्याच जागेवरून जाणार. या गोळ्यांनी बुरशीचा संसर्ग होणं हा माहितीतला, नेहमी दिसणारा दुष्परिणाम आहे आणि पुरुषांपेक्षा बायकांना तो जास्त होतो.

"म्हणून गोळी वाईट नाही," हेही त्यांनी दोनदा बजावलं. "स्वतःहून बंद करू नका. मी तुमच्या डॉक्टरांना चिठ्ठी देते, ते ठरवतील."

मेडिकलवाल्याची ट्यूब त्यांनी हातात घेतली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. स्टिरॉइडने सूज आणि खाज तेवढ्यापुरती दबते, बुरशी मात्र मोकळी वाढते आणि तिथली नाजूक कातडी पातळ होत जाते. पाच वर्षं मी तेच करत होते. आतून धुणंही बंद. योनी आतून स्वतःच स्वतःला साफ ठेवते. साबण, अँटिसेप्टिक, सुगंधी वॉश, तुरटी, यातलं काही आत न्यायचं नाही. बाहेरून साधं पाणी पुरे. तुरटी म्हणाल्या तेव्हा मी मान खाली घातली.

औषधाच्या बाबतीत एक गोष्ट कळली ती प्रत्येकीने लक्षात ठेवावी. फ्लुकोनाझोलची १५० मिलिग्रॅमची एक गोळी घेतली की खाज जाते, हे बायकांच्या गप्पांत सर्रास सांगितलं जातं. आमच्या गाडीतही ऐकलंय. पण मी ग्लिमेपिराइड घेते. फ्लुकोनाझोलमुळे ग्लिमेपिराइड शरीरात जास्त वेळ टिकते आणि शुगर धाडकन खाली जाऊ शकते. म्हणजे मी मैत्रिणीच्या सांगण्यावरून ती गोळी घेतली असती आणि दुपारी पेढीवर घाम फुटून कोसळले असते, तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं की कशामुळे. मॅडमनी म्हणून पोटातून गोळी दिलीच नाही. क्लोट्रिमाझोलच्या योनीत ठेवायच्या गोळ्या दिल्या, रोज रात्री एक, चौदा दिवस. शुगर असलेल्या बाईला तीन दिवसांचा किंवा एका गोळीचा उपाय बऱ्याचदा पुरत नाही, म्हणून चौदा. आणि पुन्हा झालं तर आधी कल्चर करायचं, म्हणजे स्रावातली बुरशी प्रयोगशाळेत वाढवून तिची जात ओळखायची, कारण मधुमेहात कॅन्डिडाची अशी एक जात जास्त आढळते जिच्यावर नेहमीचं औषध नीट चालत नाही. सगळं पांढरं जाणं बुरशीचंच नसतं, हेही त्यांनी सांगितलं. माशासारखा वास, करडा पातळ स्राव, किंवा हिरवट-पिवळा फेसाळ, हे वेगळे आजार, त्यांना औषधं वेगळी. म्हणूनच न तपासता ट्यूब चोळणं चुकीचं.

चौथ्या रात्री मी सलग झोपले. नवव्या दिवशी गाडीत बसले. मैत्रीण म्हणाली, "कंबर राहिली वाटतं!"

पावसाळ्याचं आणि पेढीवरच्या संडासाचं थोडं सांगते, कारण त्याचाही यात वाटा आहे. ठाण्यात जुलैमध्ये कपडे वाळत नाहीत. दोरीवर दोन दिवस राहूनही चड्डी दमटच. मी ती तशीच घालायचे, वरून लेगिंग. आता सुती चड्ड्या डझनभर घेतल्यात, आणि नाहीच वाळल्या तर इस्त्री फिरवते. संडासाचं मात्र माझ्या हातात नव्हतं. आमच्या गाळ्यांच्या रांगेत बायकांसाठी एकच, तोही बहुतेक वेळा कुलूपबंद, उघडा असला तर पाणी नाही. म्हणून सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा मी पाणीच प्यायचे नाही. लघवी वाढवणारी गोळी, भरपूर पाणी प्या असा सल्ला, आणि नऊ तास कोरडा घसा. मधुमेहात मूत्राशयाच्या शिराही मंदावू शकतात, लघवी पूर्ण सुटत नाही, उरलेल्या लघवीत जंतू वाढतात. वर आम्ही तुंबवून धरतो. गोणी शिवणाऱ्या, धान्य निवडणाऱ्या बायका तर माझ्यापेक्षा कितीतरी हाल काढतात. मी शेटजींकडे जाऊन चावी मागितली. कारण विचारलं तर म्हटलं, "मला डायबेटिस आहे, दर दोन तासांनी जावं लागतं." एवढ्यानेच चावी मिळाली. ती आता माझ्या टेबलाच्या खिळ्याला असते आणि सगळ्याजणी घेऊन जातात.

खाज गेली तरी संबंधांच्या वेळचं दुखणं गेलं नाही. ऑगस्टमध्ये पुन्हा मॅडमकडे गेले. माझी पाळी ४८ व्या वर्षी गेली. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे बाईच्या शरीरातलं संप्रेरक उतरतं, योनीची कातडी पातळ आणि कोरडी होते, ओलावा उशिरा येतो किंवा येतच नाही. हे शुगर नसलेल्या बाईलाही होतं. पण शुगरने त्यात आणखी भर पडते. इच्छा झाली की त्या भागात रक्त धावून जावं लागतं, त्याने ओलावा सुटतो. वर्षानुवर्षं साखर वाढलेली असली की बारीक रक्तवाहिन्या आखडतात, शिरांचा निरोप उशिरा पोचतो. जाणीव बोथट होते, सुखाचा क्षण यायला वेळ लागतो, कधी येतच नाही. पुरुषाच्या बाबतीत हेच घडतं तेव्हा ते दिसतं, म्हणून त्याला नाव मिळालं, गोळी मिळाली, पोस्टर मिळालं. बाईचं दिसत नाही. आणि ज्या बाईला आधी पाच वर्षं दुखलंय, तिचं शरीर स्पर्श होण्याआधीच आवळून घेतं. ते माझं झालं होतं.

इस्ट्रिओलचं, म्हणजे इस्ट्रोजेनच्याच एका प्रकाराचं, योनीत लावायचं क्रीम मिळालं. आधी दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. सुरू करण्याआधी मॅडमनी खोदून खोदून विचारलं की स्तनाचा कर्करोग झालाय का, पाळी गेल्यानंतर कधी रक्त गेलंय का. पाळी गेल्यावर एकदा जरी डाग दिसला तरी आधी तपासणी, मग बाकी सगळं, हे त्यांनी कागदावर लिहून अधोरेखित केलं. शिवाय जवळिकीच्या वेळी पाण्यात विरघळणारं जेल. खोबरेल तेल चालेल का, हे मी विचारलं. निरोध वापरत असाल तर तेलाने रबर कमकुवत होऊन फाटतं, म्हणाल्या. मेटफॉर्मिन अनेक वर्षं घेतल्याने बी१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं आणि त्यानेही शिरांवर परिणाम होतो, म्हणून तीही तपासणी केली. कमी निघालं. इंजेक्शनं घेतली.

सगळं पूर्ववत झालं असं मी लिहिणार नाही. दुखणं गेलं. ओलाव्याला जेलची मदत लागते. जाणीव आधीइतकी नाही, आणि ती कदाचित येणारही नाही. याचं मला दुःख आहे. एक्कावन्नाव्या वर्षी बाईने याचं दुःख करावं का, असं माझ्या मोठ्या जाऊबाईंनी विचारलं. करावं. माझं शरीर आहे, त्यातलं काहीतरी गेलंय.

यजमानांना सांगितलं ते उपवनला. घरात जमलं नसतं. रविवारची संध्याकाळ, तलावाच्या कठड्यावर बसलो होतो, भेळेचा कागद दोघांच्या मध्ये. मी समोर पाण्याकडे बघत सगळं बोलून टाकलं. बुरशी, गोळी, ट्यूब, घमेल्यातली आई, उशीचा कोपरा. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्या रात्री दुखत होतं, तर मला थांबवलं का नाहीस?"

"थांबवलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं, अहो."

"मला वाटत होतं, तुला माझा वास आवडेनासा झाला. ऑइलचा." ते म्हणाले, "मी दोन महिने लिंबू लावून हात धुतोय."

मला तेव्हा आठवलं, मोरीत रोज पिळलेल्या लिंबाची साल पडलेली असायची आणि मी त्यांच्यावर चिडायचे. त्या संध्याकाळी येताना जेल त्यांनीच आणलं. मेडिकलवाल्याला चिठ्ठी न दाखवता, नाव तोंडाने सांगून. मी बाहेर उभी होते, मला ऐकू आलं.

मॅडमची चिठ्ठी शुगरच्या डॉक्टरांना जुलैमध्येच दिली होती. त्यांनी ती वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "हे मी सुरुवातीलाच सांगायला हवं होतं." त्यांनी असं म्हटलं म्हणून माझा त्यांच्यावरचा विश्वास टिकला. वारंवार होतंय हे बघून त्यांनी डापाग्लिफ्लोझिन तूर्त थांबवली आणि दुसरी गोळी दिली. ज्यांची ही गोळी चालू आहे त्यांच्यासाठी त्यांनीच सांगितलेलं एक इथे लिहिते, कारण आमच्याकडे टेंभीनाक्याच्या देवीचे नऊ दिवस कडक उपवास धरणाऱ्या बायका खूप आहेत. या गोळीवर असताना काही न खाता राहिलं, किंवा उलट्या-जुलाब लागले, तर रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो, आणि शुगर फार वाढलेली नसतानाही तो होऊ शकतो. उपवासाआधी डॉक्टरांना विचारून गोळी कधी थांबवायची ते ठरवून घ्या. आणि त्या भागात सूज, खूप दुखणं आणि ताप एकदम आला तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री हॉस्पिटल गाठा. फार क्वचित होतं, पण जिवावर बेततं.

२०२३ साली आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, पाहणीत देशात मधुमेह असलेली माणसं १० कोटी १० लाख निघाली. त्यात बायका काही कोटी असतील. दांड्याला धरून उभ्या असलेल्या, हॉलमध्ये झोपणाऱ्या, घमेल्यात बसलेल्या त्यात किती, हे कुणी मोजत असेल तर मला वाचायला आवडेल. मी आमच्या डब्यात बोलले. एकदम सगळ्यांसमोर नाही, घणसोली ते कोपरखैरणे या वेळात एकीशी, दुसऱ्या दिवशी दुसरीशी. आठांपैकी तिघींना शुगर आहे. तिघींनीही पर्समध्ये ट्यूब ठेवलेली होती, त्यातल्या दोघींची तर मी लावायचे तीच ट्यूब.

डॉक्टरांनी दिलेल्या मधुमेहाच्या डायरीत रकाने छापलेले असतात: तारीख, उपाशीपोटी, जेवणानंतर, वजन, बीपी, शेरा. हिशेबाची सवय असल्यामुळे रकाना अपुरा वाटला की मी नवा आखते. ऑगस्टमध्ये पट्टी घेऊन उजव्या कडेला एक आखला. आधी वर नुसतं "खा." लिहिलं, खाली या अर्थाने. दोन आठवड्यांनी ते खोडलं आणि "योनी" लिहिलं. खाज नाही, आग नाही, ५ तारखेला थोडं पांढरं, १९ ला जवळीक, दुखलं नाही, असं दर आठवड्याला लिहीत गेले. शेजारच्या रकान्यात शुगर उतरत होती. डिसेंबरमध्ये एचबीए१सी ७.१ आली.

त्या भेटीला डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे डायरी उघडली. बोट आकड्यांवरून खाली सरकत उजव्या कडेला थांबलं. एमआर दारात उभा होताच. डॉक्टरांनी त्याला हाताने थांबायची खूण केली, कंपाउंडरला बाहेर पाठवलं, दार लावलं आणि खुर्ची पुढे घेतली.

"आता कसं आहे?"

मी सांगितलं. तीन-चार मिनिटं लागली, आणि त्यांनी ते माझ्या फाइलमध्ये लिहून घेतलं.